हंसाबाईच्या पत्त्यातली होडी

बोईसर स्टेशनाबाहेर कमलाकांत पेंटरची पत्र्याची टपरी होती. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या नंबरपाट्या आणि हंगामाच्या आधी होड्यांवरची नावं, असं सगळं तो रंगवायचा. हात चांगला होता. दोष एकच, रिकामी जागा त्याला बघवत नसे. न्हाव्याने पाटीवर कात्री काढायला सांगितली, तर हा कात्रीत सापडलेला केसही काढणार. दातांच्या डॉक्टरला त्याने एक टपोरा दात काढून दिला होता आणि बाजूला जागा उरली म्हणून त्यात कीडही दाखवली होती. डॉक्टरांनी ती पाटी दुसऱ्या दिवशी उतरवली. डॉक्टरला कलेतलं काही कळत नाही, एवढंच कमलाकांत म्हणाला आणि कामाला लागला.

तो केळव्याकडच्या वाडीतला, केळी आणि पानवेलींत वाढलेला. बायको मंदा दातिवऱ्याची, मच्छीमाराच्या घरातली. लग्न जमलं तेव्हा दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली आणि मग लग्नात पोटभर जेवले. संसार बरा चालला होता. त्यात मोडता घातला तो मंदाच्या भावाच्या होडीने.

नारळी पौर्णिमेच्या आधी देवूने होडीवर नाव घालायला भावोजींना बोलावलं. कमलाकांतने नाव झकास काढलं. पण नावाच्या दोन्ही अंगांना फळ्या कोऱ्या राहिल्या, तेव्हा त्याने होडीच्या पार काठापर्यंत निळ्या लाटा काढल्या, वर पांढऱ्या फेसासकट. सकाळी गाव होडीपाशी जमलं. होडीच्या अंगावर काठापर्यंत पाणी दिसतं म्हणजे ती होडी बुडालेली, हे तिथल्या शेंबड्या पोराला कळतं. असल्या होडीत पाय ठेवायला एकही खलाशी तयार झाला नाही. शेवटी देवूने डांबराचा डबा आणून लाटांवर फिरवला. त्यात नावही अर्धं गेलं.

कमलाकांतला ते फार लागलं. घरी येऊन तो मंदाला म्हणाला, "रंग हाय तो, पाणी नाय. तुमच्या मान्सांना चित्रातलं काय कळतंय? मासळी सोडून काय कळत नाय त्यांना."

मंदा पौर्णिमेला भावाला राखी बांधायला गेली ती तिकडेच राहिली. सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात येणाऱ्या रंभाबाईबरोबर तिने दोनदा निरोप धाडला, की एकदा येऊन 'बोललो ते चुकलं' म्हणा, मी लगेच निघते. कमलाकांतने दोन्ही वेळा कामाची सबब सांगितली. काम होतं, हे खरं. पण घरी चूल पेटत नव्हती आणि हा पाव-चहावर दिवस काढत होता, हेही खरं. दिवाळीही तशीच गेली. बायको आता येतच नाही की काय, अशी भीती त्याला वाटू लागली. तरी ताठा जागच्या जागी होता.

अशात एक दिवस बांगड्यांच्या दुकानातली हंसाबाई टपरीवर आली. तरुणपणी ती तारापूरच्या कॉलनीत एका गोऱ्या इंजिनियरच्या घरी मुलं सांभाळायला होती. ते कुटुंब मायदेशी परतलं तेव्हा बाईने तिला दोन पातेली, एक छत्री आणि भविष्याच्या पत्त्यांचा जोड दिला. टॅरोचे पत्ते. त्यांचे अर्थ सांगणारं पुस्तक मात्र बाई बरोबर घेऊन गेली. पातेली झिजली, छत्री हरवली, पत्ते तेवढे राहिले. त्यावरचं इंग्रजी हंसाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती चित्रं बघायची. तीही मधलं मोठं चित्र सोडून कडेकडेचं. मोठं चित्र सगळ्यांचं असतं, बारीकसारीक तेवढं ज्याचं त्याचं, असं तिचं म्हणणं होतं.

एका पत्त्यावर उलटा टांगलेला माणूस होता. बदलीला कंटाळलेल्या एका कारकुनाला तो निघाला तेव्हा बिचाऱ्याचा चेहरा पडला. हंसाबाईने त्याला चित्रातलं तोंड दाखवलं. "हा रडतोय का? नाय. एकाच पायाला दोर हाय, दुसरा पाय आरामात दुमडलाय. ह्याला कोणी टांगलेला नाय, हा आपण होऊन लटकलाय." कारकून बराच वेळ पत्त्याकडे बघत बसला आणि बदलीविषयी पुन्हा कोणाकडे बोलला नाही.

यंदा पावसाळ्यात पत्त्यांच्या ट्रंकेत वाळवी शिरली आणि चार पत्ते गेले. ते तिला नव्याने काढून हवे होते. कमलाकांतने साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि ती सांगेल तसं ऑइल पेंटने काढू लागला. चौथा पत्ता होडीचा. होडीत खाली बसलेली एक बाई, डोक्यावरून पदर, आपल्याकडे पाठ. मागे उभा राहून वल्हवणारा माणूस. होडीत खोचलेल्या तलवारी. एवढं सांगून हंसाबाई दुकान उघडायला गेली. बाकीचं कमलाकांतने स्वतःच्या डोक्याने भरलं.

पत्ते वाळल्यावर ती न्यायला आली. नवे पत्ते लागू पडतात का बघू म्हणून तिने सगळा जोड टेबलावर पसरला आणि त्यालाच एक उचलायला लावलं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा बाकीच्यांपेक्षा जाड, त्यामुळे त्याच्या हाताला आधी तोच लागला. होडी निघाली. यात दैवाचा हात कितपत होता हे ज्याने त्याने ठरवावं.

हंसाबाईने चष्मा पुसला. "ही दोरी कसली?"

"किनाऱ्यावर जागा मोकळी रायली होती. मग खुंटी काढली. खुंटी काढली तर दोरी पायजे."

"बाई पाठमोरी सांगितली होती मी."

"पाठमोरं डोकं म्हंजे नुसता काळा गोळा दिसतो. म्हणून मान वळवली."

"तलवारी खोचलेल्याच हायत, तरी ती मान वळवून किनाऱ्याकडं बघतेय," हंसाबाई म्हणाली. "आन ह्या गड्याने खुंटीकडं पाठ केलीय. मरमर वल्हवतोय, पन होडी बांधलेली हाय. उतरून दोर सोडायचं काय त्याला सुचत नाय."

"दोर कोणी सोडायचा?"

"ज्यानं बांधला त्यानं."

कमलाकांतने पत्ता हातात घेतला. पदराखालचं नाक मंदाचं होतं. ते त्याने केव्हा काढलं हे त्याला आठवेना. रंग आहे तो, बाकी काही नाही, हे सगळ्या बोईसरात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तरी त्याने टपरी बंद केली आणि सफाळ्याला जाणारी गाडी पकडली.

सफाळ्याहून दातिवऱ्याच्या एसटीत तो देवूशी काय बोलायचं ते मनात घोकत होता. चुकलं माझं, होडी परत रंगवून देतो, नुसतं नाव, बाकी काही नाही. घोकून घोकून ते पाठ झालं. ते बोलल्यावर मंदा येईल की नाही, याची मात्र त्याला खात्री वाटेना.

मंदा अंगणापुढे दांडीवर बोंबील वाळत घालत होती. तिने त्याला बघितलं आणि हात थांबवला नाही.

"कोणी धाडलं तुमाला?"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने पत्ता, दोरी, खुंटी, सगळं सांगितलं. मंदाने ऐकून घेतलं.

"म्हंजे रंभाबाईकडून मी दोन टायमाला सांगितलं, ते काय तुमाला ऐकू आलं नाय. आपणच काढलेल्या दोरीचं ऐकलंत."

"देवू कुठं हाय?" त्याने विचारलं. "त्याला सांगतो चुकलं म्हणून."

"धक्क्यावर हाय. सांगा त्याला." तिने पुढचा बोंबील उचलला. "आन मला?"

वाटभर घोकलेल्यात मंदासाठी एक शब्दही नव्हता. आपण बोललो होतो ते देवूच्या होडीबद्दल नव्हे, हिच्या माणसांबद्दल, हिच्या तोंडावर, हे त्याला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा धड कळलं. मंदा दांडीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली.

"तुझ्या मान्सांना काय कळत नाय म्हणालो, ते मी घाण बोललो," तो म्हणाला. "तू नाय तर घरात माझा जीव लागत नाय. तू नाय आलीस तरी ते खोटं होणार नाय."

मंदाने डोळे पदराने पुसले, मीठ गेलं असावं अशा बेताने. मग बोंबलांची टोपली त्याच्या हातात दिली.

"उरलेले घाला," ती म्हणाली. "मी कपडे बांधते."