पाचव्या दिवशीचा सत्कार

आमच्या फुटबॉल लीगच्या नियमावलीत मी ‘प्रतिबंधित मुक्त खेळाडू’ होते. मुक्त, पण प्रतिबंधित. हे ज्याला सुचलं त्याचं लग्न झालेलं असावं, असं माझा नवरा म्हणतो. मला आपला वनखात्याचा संशय आहे; अभयारण्यातले वाघ असेच मुक्त असतात.

अर्थ सोपा होता. चंद्रपूरच्या संघाशी गोलकीपर म्हणून केलेला माझा तीन वर्षांचा करार संपला होता. दुसऱ्या संघाची मागणी आली तर मी ऐकू शकत होते. पण जुन्या संघाला पाच दिवसांची मुदत होती. तेवढ्यात त्यांनी त्याच अटी लेखी कबूल केल्या, तर मी तिथंच राहायचं. मला कुणी विचारणार नव्हतं. नाही केल्या, तर मी नव्या संघाची. मात्र पुढच्या हंगामात नव्या मुली निवडताना नव्या संघानं आपली पहिल्या निवडीची संधी जुन्या संघाला द्यायची, ही भरपाई.

मागणी आलापल्लीच्या संघाची होती. तिथल्या शाळेत नवरा शिक्षक. तीन वर्षं आमचा संसार पंधरा दिवसांतून एकदा, एसटीच्या सोयीनं चालला होता. ‘अटी’ या शब्दात लीग हे धरत नाही.

चौथ्या दिवशी आमच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, संघ मला सोडणार नाही. मी नवऱ्याला फोन केला.

“उद्या माझा सत्कार आहे.”

“कायचा सत्कार? तू तं कुठी गेलीच नाई.”

“म्हणूनच.”

तो म्हणाला, “तुये ग्लोव्ज टांगाले खुंटी ठोकून ठेवली होती ना मी.”



आमच्या अध्यक्षांना साधं पत्र साधेपणानं देता येत नसे. गोलला नवी जाळी आली तेव्हा त्यांनी जाळीलाही हार घातला होता. पहिला गोल हारासकट झाला. तर मला राखून ठेवण्याचं पत्रही चांदीच्या तबकात, मखमली रुमालाखाली, स्टेजवर ठेवलेलं होतं. प्रमुख पाहुण्यांनी ते लीगच्या सचिवांच्या हाती द्यायचं होतं. मुदत संध्याकाळी सहाची.

सचिव पहिल्या रांगेतच बसले होते, मांडीवर रजिस्टर घेऊन. त्यांचा धंदा शिवणकामाचा. सगळ्या संघांच्या जर्सी तेच शिवत, म्हणून सगळे त्यांना चाचा म्हणत. तबकापासून ते दहा पावलांवर होते.

पाहुणे मात्र आष्टीच्या अलीकडे, लोहखनिजाच्या ट्रकांच्या रांगेत अडकले होते.

साडेपाचला आमचे कोच अध्यक्षांच्या कानाशी वाकले. मी शेजारच्याच खुर्चीत होते. “भाऊ, ते पत्र देऊन टाका ना आधी. मंग सत्कार करत बसा.”

“पाहुण्यांच्या हस्ते आहे ते. पत्रिकेत छापलंय.”

“पत्रिका कोण वाचून राह्यलं?”

अध्यक्ष दुखावले. माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्हीच सांगा, ताई.”

“छापलंय तर तसंच व्हायला पाहिजे, भाऊ,” मी म्हणाले. आयुष्यात समारंभाची बाजू मी तेवढी एकदाच घेतली.

सहाला पाच कमी असताना चाचा खालून म्हणाले, “अध्यक्षसाहेब, पाच मिनिट राहिले. मी इथीच बसलो आहो.”

“अहो चाचा, तुम्ही तर घरचेच!”

“मी घरचा आहो. घड्याळ लीगचं आहे.”

अध्यक्ष मोठ्यानं हसले आणि दाराकडे बघत राहिले. मी तबकाकडे बघत होते. पंख्याच्या वाऱ्यानं रुमालाचं टोक हलत होतं.

सहा वाजले तसं चाचांनी रजिस्टर उघडलं, एक ओळ लिहिली, सही केली, पेनाला टोपण लावलं. “हो गया, बेटा,” ते मला म्हणाले. “आलापल्ली.”

पेनल्टीचा चेंडू कधी कधी नुसताच खांबाला लागून बाहेर जातो. आपण जागचे हललेलोही नसतो. मी खुर्चीत मागे टेकले आणि त्या दिवसातला पहिला पुरा श्वास घेतला.

कोचनी अध्यक्षांना भरपाईचा नियम समजावून सांगितला. त्यांचा चेहरा पडला, आणि लगेच उजळला. “म्हणजे पुढच्या वर्षी पहिली मुलगी आपण निवडायची? तिचाही सत्कार करू!”

पाहुणे पावणेसातला आले. छापलेला कार्यक्रम कोण रद्द करणार? ही रणरागिणी चंद्रपूर सोडून कुठंही जाणार नाही, असं सांगून त्यांनी मला शाल पांघरली. टाळ्या झाल्या. चाचांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये खिडकीची काच बंद होत नव्हती. शाल कामाला आली.

आलापल्लीच्या घरातली खुंटी टाचा उंचावूनही माझ्या हाती येईना.

“इतकी वर काऊन ठोकली?”

“गोलकीपर आहेस ना?” नवरा म्हणाला. “मार उडी.”