पप्पांचा रिलिव्हर

माझ्या वडिलांची सिगरेट सुटली आणि ती माझ्यामुळं सुटली नाही. हे एकदा स्पष्ट लिहून टाकते, कारण लोक माझं अभिनंदन करणं थांबवत नाहीत. एका कार्यक्रमात तर सूत्रसंचालकानं माईकवरून जाहीर केलं, "ताईंच्या मोहिमेचा पहिला विजय त्यांच्याच घरात झाला!" टाळ्या पडल्या. मीही हसले. आतून नुसती जळत होते.

कॉलेजात असल्यापासून मी तंबाखूविरोधी मोहिमेत आहे. शाळांभोवतीच्या टपऱ्या बंद करा म्हणून निवेदनं दिली, चौकात पथनाट्यं केली, पत्रकं तर किती लिहिली याची गणतीच नाही. पत्रक कसं लिहायचं हे ज्या ताईंनी शिकवलं त्या म्हणायच्या, "वाचणाऱ्याला पळून जायला जागा ठेवायची नाही." मी घरातही ठेवली नाही. न्हाणीघराच्या आरशावर सडलेल्या जबड्याचं चित्र लावलं. पप्पांच्या डब्याच्या पिशवीत काळ्या फुफ्फुसाचं टाकलं. पप्पा ते चित्र काढायचे, घडी घालायचे आणि माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. एका शब्दानं रागावायचे नाहीत. मग खाली जाऊन सिगरेट ओढून यायचे.

त्यांनी पहिली बिडी बिडकीनला शेतावर ओढली, मिसरूड फुटायच्या आधी. पुढं वाळूजला कंपनीत लागले, बजाजनगरला खोली घेतली आणि बिडीची सिगरेट झाली. त्या वासाशिवायचे पप्पा मला आठवत नाहीत. मी लहान असताना तापात त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवायचे तेव्हाही तोच वास होता. म्हणून ती सिगरेट सोडवायची तर मीच सोडवायची, असं माझं ठरलेलं होतं. तो माझा हक्क होता. इतर कुणाच्या बापासाठी मी कशाला उन्हात घोषणा देत होते?

आणि मग पप्पांना ती बैठक सापडली.

बैठक म्हणजे काय, तर आमच्या कॉलनीतल्या मैदानाच्या कठड्यावर रविवारी संध्याकाळी बसणारी काही माणसं. सगळी कंपन्यांतली. काही रिटायर, काही अजून शिफ्टला जाणारी. सगळ्यांनी आयुष्यभर ओढलेली, काहींची सुटलेली, काहींची सुटता सुटता परत लागलेली. ना बॅनर, ना अध्यक्ष. त्यांचा नियम एकच, तोही कंपनीतून उचललेला. कंपनीत शिफ्ट संपली तरी पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय मशीन सोडून जाता येत नाही. तो आला की त्याला चार्ज द्यायचा आणि मग निघायचं. ह्यांनी तेच तलफेला लावलं. तलफ आली की आहे तिथं उभं राहायचं, आपल्या रिलिव्हरला फोन करायचा. तो येईपर्यंत पेटवायची नाही आणि पळायचंही नाही. तो आला की हातात जे असेल ते, पाकीट असो की माचिस, त्याच्या हातावर ठेवायचं आणि म्हणायचं, "चार्ज घे."

मी हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं. काळ्या फुफ्फुसाला न घाबरलेला माणूस असल्या पोरखेळानं सिगरेट सोडणार?

पप्पांचा रिलिव्हर म्हणजे त्यांच्याच कंपनीतला एक रिटायर फिटर. ठेंगणा, बोलघेवडा, केसांना मेंदी लावणारा. जुन्या फोरमनची नक्कल करून दाखवायचा आणि आपल्याच विनोदावर आधी स्वतः हसायचा. मला तो पहिल्यापासून आवडला नाही. एका रविवारी मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन बैठकीला गेले. म्हटलं, तुम्हाला शास्त्रीय माहिती देते.

तो म्हणाला, "या, म्याडम, या. एक इचारू का? तुम्ही कधी वढली?"

"नाही. कधीच नाही," मी ताठ मानेनं सांगितलं.

"मंग अवघड हाय. हितं भरतीला अनुभव लागतो."

सगळे खो खो हसले. पप्पाही हसले! मी पप्पांकडं बघितलं तर ते म्हणाले, "माय, तू घरी जा. आई एकटीच हाय." आई घरी मालिका बघत होती आणि तिला माझी काडीची गरज नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर माझे दिवस वाईट गेले. पप्पांची तलफ जेवणानंतर यायची. मी बडीशेप, लवंग, चिंगम असं सगळं टेबलावर मांडून समोर बसायचे. ते चुळबुळ करायचे, फोन उचलायचे आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचे. काचेतून दिसायचं, पप्पा बोलतायत, डोळे पुसतायत, मग एकदम हसतायत. माझ्याशी पप्पा असं कधी बोलले? "जेवलीस का", "गाडीत पेट्रोल हाय का", एवढंच आमचं बोलणं. आणि त्या मेंदीवाल्यासमोर रडायला, हसायला सगळं यायचं. मी आईला म्हटलं, "लग्नच लावून द्या दोघांचं." आई म्हणाली, "तुझ्या पोटात का दुखतंय? सुटतीय ना?"

सुटत होती, तेच तर दुखत होतं. हे माझ्या तोंडून आईसमोर निघालं नाही एवढंच.

मग तो रविवार आला. दुपारी मी मोहिमेच्या कामावरून परत येत होते आणि कोपऱ्यावरच्या टपरीसमोर पप्पा उभे दिसले. हातात सिगरेट. डोक्यात तिडीक गेली. एक तर सुटी सिगरेट विकायला बंदी आहे, मी स्वतः त्या टपरीवाल्याला दोनदा कायदा वाचून दाखवलाय. त्यात आपला बाप, भर उन्हात, सगळ्या गल्लीसमोर! गाडी आडवी लावून मी पोचले, हिसकावून घ्यायला हात पुढं केला आणि तेव्हा दिसलं की ती पेटलेली नाही. घामानं ओली झाली होती.

"वढली नाय," ते म्हणाले. "फोन लावतोय, तो उचलंना."

टपरीवाला आतून म्हणाला, "लई वेळ झाला उभे हायत. म्या म्हणलं, एक तर पेटवा नाय तर सावलीत या. दोन्ही करनात."

"पप्पा, घरी चला."

"नाय. हितून हललो की पुढच्या वळणावर पेटवीन. माहितीय मला."

"मग मला द्या. मी आहे ना. द्या मला चार्ज." मी तळहात पुढं केला. आयुष्यात मी त्यांच्याकडं असं काही मागितलं नव्हतं.

पप्पांनी माझ्या हाताकडं बघितलं. सिगरेट मुठीत घट्ट धरली.

"तुला नाय देता येत, माय."

"का? मी त्याच्याइतकी पण नाही?"

"तुझ्यासमोर मला शरम वाटती. तू बघितलं की मला आजून वढावीशी वाटती. त्याच्यासमोर तसं व्हत नाय." मग म्हणाले, "त्याला आण."

मला सांगता येणार नाही मला काय झालं. तिथंच रडावं किंवा ती टपरी उलथून टाकावी असं वाटलं. इतकी वर्षं मी चित्रं चिकटवत होते आणि हा माणूस प्रत्येक चित्रानंतर खाली जाऊन ओढत होता, ते ह्यामुळं? आणि आता मीच जाऊन त्याला आणू? पण पप्पांचा अंगठा त्या टपरीच्या लायटरवर होता. सुतळीला बांधून टांगलेला, लाल रंगाचा. मी गाडी वळवली.

त्याच्या घरी गेले तर फोन चार्जिंगला आणि बायको दारात. "दाढी करायला गेलेत, कोपऱ्यावर." सलूनमध्ये तो खुर्चीत मान मागं टाकून पडलेला. अर्धं तोंड साफ, अर्ध्यावर फेस.

मी दारातूनच म्हणाले, "पप्पा टपरीवर उभे आहेत."

मला वाटलं होतं आता विनोद करील. केला नाही. गळ्याचा टॉवेल तसाच, उठला आणि माझ्या मागं गाडीवर बसला. न्हावी ओरडत होता, "अहो, टॉवेल!" रस्ताभर तो एवढंच म्हणाला, "जोरात घे, जोरात." फेस वाऱ्यानं उडून माझ्या ओढणीवर पडत होता.

पप्पा तिथंच होते. त्याला तसा बघून त्यांच्या तोंडातून आधी शिवीच निघाली, मग हसू. "आरं, ह्ये काय सोंग!"

"तुझ्यापायी, भाड्या. अर्ध्या दाढीचा रिलिव्हर बघितला का कुठं? दे."

"चार्ज घे," पप्पा म्हणाले आणि सिगरेट त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती चुरगळून गटारात टाकली. मग दोघं टपरीच्या सावलीत बसले आणि बोलायला लागले. कशाबद्दल, तर कुठल्याशा जुन्या लेथ मशीनबद्दल. सिगरेटचा विषयही नाही. पप्पा हळूहळू पाय पसरून सैल बसताना मी गाडीजवळ उभी राहून बघत होते. मला हायसं वाटलं पाहिजे होतं. वाटलंही. पण त्याहून जास्त असं वाटत होतं की त्या सावलीत तिसऱ्या माणसाला जागा आहे, आणि मला कुणी बोलवत नाहीये.

शेवटी पप्पा म्हणाले, "माय, आईला सांग, एक माणूस जेवायला हाय."

घरी आईला सांगितलं आणि वर हेही सांगितलं, "मी त्याला वाढणार नाही."

"नको वाढू. त्याच्या शेजारी बस आणि जेव," आई म्हणाली.

बसले. तो अर्ध्या दाढीनंच पाटावर आला, आई पदराआड हसली. मी त्याच्या शेजारी बसले तशी दोघांची बोलणी बंद झाली. भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा येत होता. मला कळत होतं की मी उठून गेले तर ते परत सुरू होतील. मी उठले नाही. बापानं आज ओढली नव्हती आणि मला भूक लागली होती.

पप्पांनी ठेच्याची वाटी उचलली आणि आधी त्याच्याकडं सरकवली. मी हात लांब करून ती माझ्याकडं ओढली, चांगला मोठा गोळा वाढून घेतला आणि मगच त्याच्यासमोर ठेवली.

"तिखट हाय बरं," पप्पा मला म्हणाले.

"माहितीय," मी म्हणाले आणि खायला लागले.