माडाच्या आळ्यातली सळई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. गावात मला ‘रेडिओवाली काकू’ म्हणतात ना, ती मी कशी झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे मी सांगितलं तेवढं.

ऐंशी सालाच्या पुढची दोन-चार वर्षं. रत्नागिरी खाडीच्या पलीकडे, आम्ही अलीकडे. हे मुंबईला. मी सातवी शिकलेली, हाती येईल तो कागद वाचायची. एका जुन्या मासिकात चित्र सापडलं — बिनबॅटरीच्या रेडिओचं! ना सेल, ना वीज. असं कुठं असतं का? ह्यांच्याकडून मुंबईहून डायोड आणि इअरफोन मागवला. बांबूच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली, चुलीत लोखंड तापवून कथलाचे डाग दिले. एक तार आंब्यावर चढवली. चित्रात खाली एकाखाली एक तीन रेघा होत्या, पुढे लिहिलेलं — जमिनीत. म्हणून अंगणात सळई ठोकली, तार जोडली.

आठ दिवस कानाला लावून बसले. काही नाही. सगळे डाग पुन्हा दिले. तरी नाहीच.

शेवंती, माझी धाकटी जाऊ, तिला अक्षरओळख नव्हती. माडांचं शिपणं तिच्याकडे. रोज विहिरीवरून कळशा आणून आळ्यांत ओतायची. ती येता-जाता बघायची. एक दिवस कळशी टेकवून म्हणाली, “वयनी, हा जांभा हाय. पानी धरत नाय. ती सळई माडाच्या वल्या आळ्यात खुपसून बगा की.”

मी हसले. पण ती गेल्यावर खुपसली.

आणि काय सांगू — माणूस बोललं! माझ्या कानात, मुंगीएवढ्या आवाजात, रत्नागिरीचं केंद्र. कशावर चाललंय हे? हवेवर? शेवंतीला हाक मारली. तिनं कानाला लावलं, डोळे मिटले, मग बराच वेळ त्या ओल्या मातीकडे बघत राहिली. म्हणाली, “म्हंजे भुईपन ह्या तारेतलीच झाली की, वयनी. वरनं येतंय नि खाली जातंय.”

मासिकातल्या त्या तीन रेघा मी आठ दिवस पाहत होते. मला त्या तेव्हा कळल्या.

संध्याकाळी गर्दी जमली. शाळेचे गुरुजी आले. त्यांनी ऐकलं, सळई पाहिली आणि विचारलं, “आळ्यात लावायचं कुणाला सुचलं?”

शेवंती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. रिकामी कळशी कमरेवर. मी — मी म्हटलं, “मासिकात दिलंय ना, ओली जागा बघावी म्हणून.”

दिलेलं नव्हतं. एवढंच बोलून थांबले असते तरी... पण ती काहीतरी म्हणायला पुढे झाली, तशी मी सगळ्यांदेखत म्हटलं, “तू गो कशाला मधे? तुला काय कळतं त्यातलं? जा, शिपणं राहिलंय.”

माणसं हसली. तीही हसली, आणि गेली.

गुरुजींनी शब्द टाकून मला रत्नागिरीत रेडिओदुरुस्तीच्या वर्गाला धाडलं. म्हणाले, एकीला घेतायत, समज असलेली पाहिजे. मी गेले. पुढे कितीतरी सर्किटं जोडली, आणि प्रत्येकात शेवटी तीच गोष्ट दिसायची — फिरून परत येतं, म्हणून चालतं. दर वेळी थक्क व्हायचे. दर वेळी ते वाक्य तिच्या आवाजात ऐकू यायचं.

रेडिओला तिनं पुन्हा हात लावला नाही. मी लाव म्हटलंही नाही.

वैशाखात आळी सुकतात, आवाज बारीक व्हायला हवा. माझ्या रेडिओचा कधी झाला नाही. का, ते मला फार वर्षांनी दिसलं. सगळ्या माडांना एक-एक कळशी घालून झाली की शेवंती पुन्हा विहिरीवर जायची, आणि एक कळशी त्या सळईच्या मुळाशी ओतायची.

मी खिडकीतून बघितलं. हाक मारली नाही.