माहेरची कोठी

घर बांधायला मुख्य दोनच माणसं लागतात. एक ‘होऊन जाते’ म्हणणारा आणि दुसरी त्याच्यावर ओरडणारी. आमच्याकडे दोन्ही घरचीच निघाली, बाहेरून आणावी लागली नाहीत.

आमचे हे बालाघाटच्या कोर्टात बाबू. तारीख पुढे ढकलायची सवय हाडात भिनलेली! खिडक्या पुढच्या महिन्यात, दारं त्याच्या पुढच्या. मी विचारलं, “अजी, आपण या घरात राह्यला जाऊ का पेन्शन घ्यायला?” की उत्तर ठरलेलं, “होऊन जाते ना व!”

भिंती कमरेएवढ्या झाल्या आणि कटंगीहून माझी आई टेम्पोत कोठी घालून हजर! पत्र्याची, माझ्या खांद्याएवढी उंच, दोघींच्या कवेत न मावणारी. आमच्या माहेरची रीत अशी, की लेकीच्या नव्या घरात आधी आईच्या हातचा तांदूळ कोठीत पडतो, मग चूल पेटते. माझ्या बहिणीची कोठी भरून झाली होती. आता माझी पाळी होती आणि त्या दिवसासाठी मी जीव टाकत होते.

“अव माय, घर तं होऊ दे!”

“घर होते मागून. कोठी आता ठेव. दारातून जात नसते ते.”

चार जणांनी ती भिंतीवरून उचलून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी केली. पुढे भिंती तिच्याभोवती चढत गेल्या.

मग एक दिवस आभाळ भरून आलं. ओट्यासाठी राखून ठेवलेली सिमेंटची पोती अंगणात उघडी पडलेली, आणि हे शांतपणे चहा पिताहेत!

“होऊन जाते.”

“काय होऊन जाते? गोटा होऊन जाते! उचला पोते, कोठीत रिकामे करा!”

“अव, पण मायनं ते तांदळासाठी देली ना?” (लग्नानंतर हे पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलले, आणि मी ऐकलं नाही!)

“तांदूळ येईल तवा येईल. तुमी उचला!”

सिमेंट कोठीत गेलं. झाकण तेवढं मी पाण्याच्या टाक्यावर ठेवलं, कारण कुत्री तोंड घालत होती. कोठीवर गोणपाट टाकलं. किती हा विचार! किती हे डोकं!

पाऊस काही आला नाही. एक थेंबही नाही. मी मात्र पाइप घेऊन आले. भिंतीला जेवढं पाणी माराल तेवढी ती पक्की, असं जो तो सांगे. मग काय! सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. मिस्त्री वैतागला, “भाभीजी, बस करो! दीवार है, भैंस नहीं नहला रहे!” मी त्याचंही ऐकलं नाही. उलट कोठीवरच्या गोणपाटावर धूळ दिसली, की जाता येता त्याच्यावरही एक फवारा!

शेवटी भांडून भांडून गृहप्रवेशाची तारीख पक्की केली. आईचा फोन आला, “तांदूळ घेऊन येऊन राह्यली व.” मी घाईघाईनं सिमेंट काढायला कोठीत घमेलं घातलं.

टण्ण!

मिस्त्रीनं आत हात घालून ठोकून पाहिलं. “भाभीजी, ये तो जम गया. अब ये कोठी नहीं, पिलर है.”

हे मागे उभेच होते. म्हणाले, “होऊन गेलं!” (मेल्या तोंडाला भूतकाळ नेमका आजच सुचला!)

मिस्त्री घण घेऊन आला, तर मीच आडवी झाले, “माह्या मायच्या कोठीवर घण नको मारू बाप्पा!” बाहेर काढावी तर दारातून निघत नाही, आणि हलवायला हत्ती हवा. मी तिथंच बसून रडले. तेवढ्यात दारात ऑटो थांबला.

आई नवी साडी नेसून, तांदळाचं पोतं घेऊन, मागे मावश्यांची पलटण. तिनं पोत्याची शिवण उसवली, कोठीत वाकून पाहिलं, बोटानं वाजवलं.

“अव, हे काय व?”

माझं बोट आपोआप उठलं, आणि ते सरळ यांच्याकडे गेलं! या माणसानं माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि खाली मान घालून हे म्हणाले, “हौ माय. मीच केलं.”

मला इतकी लाज वाटली, की त्या सिमेंटनं मलाही जागा दिली असती तर बरं झालं असतं.

आई खदाखदा हसत म्हणाली, “जवाईबापू, तुमच्यानं सालभरात एक दार नाई लागलं. एवढं पक्कं काम तुमचं कायचं? हे माह्याच पोरीचं होय!”

आणि तिनं ओंजळभर तांदूळ त्या सिमेंटवरच टाकला. रीत झाली, चूल पेटली. उरलेला तांदूळ प्लास्टिकच्या ड्रममध्ये गेला.

आता मिस्त्रीच्या भिंतींना भेगा पडायला लागल्यात. कोठीला मात्र एक ओरखडा नाही, मिक्सर तिच्यावरच असतो. घर बघायला पाहुणे आले, की आमचे हे त्यांना थेट स्वयंपाकघरात नेतात आणि कौतुकानं सांगतात, “बाकीचं घर मिस्त्रीनं बांधलं. हे तेवढं हिनं सोताच्या हातानं.”