जागल करणारी डबी

आमच्या बाबांना तुरीची जागल, म्हणजे शेतातली रात्रीची राखण, सोडवत नव्हती. आणि मला त्यांचं तिथं निजणं सोसत नव्हतं. नाल्याकडे वाघाचे पंजे दिसल्यापासून तर माझा जीव नुसता खालीवर. "वाघ काय रोज येते काय? डुकरं रोज येतेत," म्हणत बाबा गोधडी घेऊन मचाणावर चालले.

आर्णीत माझं विहिरीवरच्या मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान आहे. म्हटलं, यांच्या जागी यंत्रच बसवते. नखाएवढी चिप, बॅटरी, सिमकार्ड, सगळं एका डबीत. चिप सतत जागी ठेवली तर बॅटरीचं दोन दिवसांत रामनाम सत्य. म्हणून तिला झोपवायचं. डुकरं येऊ नयेत म्हणून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जुनी लुगडी बांधलेली असतात, त्यांतून एक तार फिरवली. डुकरानं तार ओढली की चिप उठणार, बाबांना फोन लावणार आणि पुन्हा झोपणार. दुकानात तर बाई शहाण्यासारखी दर वेळी उठली.

पहिल्या रात्री बाबा घरी निजले. सकाळी जाऊन बघते तर तुरीचा अख्खा कोपरा आडवा. फोन नाही, काही नाही. "तुही चिप कुंभकर्णाची मावशी हाये," बाबा म्हणाले आणि गोधडी परत खांद्यावर टाकली.

मी चिडले, रडले, डबी उघडून बसले. घास गोड लागेना. दुकानात उठते, मग शेतातच काहून उठत नाही? शेवटी विचारलं, "बाबा, त्या दिवशी निघताना तुम्ही तारेले हात लावलता काय?"

"लावीन नाही तं काय! लुगड्याची एकेक गाठ ओढून पाहल्याबिगर मी धुरा सोडतो काय? तार बी ओढली. फोन वाजला, कापला, घरी आलो."

हात्तीच्या! एका धक्क्याला फोनवर फोन जाऊ नयेत म्हणून चिप उठल्यावर तिचं तारेकडचं लक्ष मी बंद करत होते, आणि झोपण्याआधी ते पुन्हा सुरू करायचं प्रोग्राममध्ये लिहिलंच नव्हतं. म्हणजे ती उठणार एकदाच. दुकानात मी दर खेपेला बटण दाबून तिला पहिल्यापासून सुरू करायची, म्हणून कळलं नाही. ती एक जाग बाबांनी सांजेलाच खर्चून टाकली होती. एक ओळ लिहिली, काम फत्ते.

पण बाबा ऐकतील तर ना! जागलीत एका शेतातून हाळी गेली की पलीकडच्या शेतातून 'ओ' यावा लागतो. ओ नाही आला तर माणसं काठ्या घेऊन धावतात. "तुही डबी ओ देते काय?" त्यांनी विचारलं.

मग तेही शिकवलं तिला. डबीच्या नंबरवर कुणीही घंटी दिली की चिप उठायची, बाबांच्या फोनवर उलटी घंटी द्यायची आणि झोपायची. बाबा घरी निजू लागले. निजले कसले! खाटेवर पडून घडीघडी घंटी. आई म्हणे, "त्या मेलीले तरी झोपू द्या!"

परवा जेवणं झाली, भांडी झाली, तरी घंटी नाही. मला चैन पडेना. डबी बंद पडली की काय? जाऊन पाहिलं तर बाबा छातीवर फोन ठेवून घोरत होते. कितीक दिवसांनी! निमूट परतावं की नाही माणसानं? छे. माझ्या फोनवरून डबीला घंटी दिलीच. तिला ठाऊक एकच नंबर. बाबांच्या छातीवरचा फोन खणखणला.

"ओ! आलो, आलो!" बाबा धडपडत उठले आणि काठी चाचपू लागले.

"डुकरं नाही, बाबा. मीच पाहून राह्यलती, डबी जागते का नाही."

आता शिव्या बसणार, असं वाटलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "घे. आजपासून जागल तुही," म्हणाले आणि कुशीवर वळून निजले.

मी दोन्ही फोन घेऊन ओट्यावर बसले. थोड्या वेळानं पुन्हा हाळी दिली. शेतातून ओ आला. तरी झोप काही येईना.