नाकाला लावलेली वहाण

शुद्ध आली तेव्हा माझ्या नाकावर चामड्याची वहाण होती. गुरुजींची. वर्गातला एक पोरगा ती दाबून धरून बसला होता अन् बाकीची पोरं कडं करून उभी होती. मिरगीवाल्याला वहाण हुंगवली की मिरगी उतरते, असं आमच्याकडं सगळेच मानायचे. शिकलेलेसुद्धा. माझ्या तोंडातून फेस गेलेला, परकर ओला झालेला. मी चौथीत होते. पाठ म्हणायला उभी राहिले, एवढंच आठवतंय.

गुरुजींनी वहाण लांबूनच बघितली. तिला माझी थुंकी लागली होती.

"हौदावर जाऊन धुऊन आण," म्हणले.

अंग नुसतं गळून गेलं होतं. तसल्या ओल्या परकरानं अख्ख्या शाळेपुढून मी हौदाकडं निघाले. आमच्या वस्तीतल्या पोरांनी हौदाला हात लावायचा नाय, म्हणून शिपायानं वरून पाणी ओतलं अन् मी वहाण घासली. नेऊन गुरुजींच्या पायाशी ठेवली. त्यांनी ती घातलीच नाय. शाळा सुटल्यावर ते अनवाणीच घरी गेले. माझ्या नाकाला त्यांची वहाण चालली, त्यांच्या पायाला माझी थुंकी चालली नाय. हे मला लई उशिरा कळलं. तेव्हा फक्त परकराची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या बाला शाळेत बोलावणं आलं. बा पडेगावच्या रस्त्याला खडी फोडायचा. कामाचा खाडा करून आला अन् व्हरांड्याच्या खाली उन्हात मान घालून उभा राहिला.

"मिरगीच्या डोक्यात विद्या टिकत नाही," गुरुजी म्हणले. "वाचून वाचून मेंदूला ताण येतो. पोरगी वेडी होईल. तिच्या भल्याचं सांगतो, घरी ठेव."

"व्हय जी," बा म्हणला.

बाला अक्षर येत नव्हतं. गुरुजी बोलले म्हणजे पुस्तकात तसं असंल, असं त्याला वाटलं. घरी येताना माझी पाटी त्यानं स्वतः धरली, मला ताण नको म्हणून. ते आठवलं की आजही काळीज तुटतं. माया होती हो ती. तिच्यावर राग धरावा तरी कसा?

शाळा बंद झाली. पुस्तकानं डोक्याला ताण येतो, पण चुलीपुढं बसायला कुणाची ना नव्हती. विहिरीवर जायलाही ना नव्हती. माय मला घेऊन कुठंकुठं हिंडली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी मुठीत किल्ली कोंबली, कुणी दंडाला ताईत बांधला. एकानं सांगितलं, लग्न लावून द्या, आपोआप जाईल. मिरगी लागंल म्हणून शेजारच्या बायांनी माझा तांब्या वेगळा ठेवला. आमच्याच वस्तीतल्या बाया. ज्यांना स्वतःला हौद बंद होता, त्या. ते मला गुरुजींपेक्षा जास्त लागलं.

अन् मीही मानायला लागले. भावाचं पुस्तक हातात घेतलं की डोकं दुखतंय असं वाटायचं. भिऊन ठेवून द्यायची.

बरीच वर्षं अशीच गेली. एका सकाळी भाकरी थापताना पडले अन् हात चुलीत गेला. शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. हाताला पट्टी बांधताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कसं झालं? माय खाली बघत म्हणली, "तिला बाहेरचं लागलंय."

"बाहेरचं काही नाही. मिरगी आहे, मेंदूचा आजार. रोज गोळ्या घ्यायच्या, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. झटका आला तर कुशीवर करा अन् तोंडात काही घालू नका."

मी विचारलं, "मग वहाण?"

"वहाण आणेपर्यंत झटका आपला आपणच थांबत आलेला असतो. वहाणेनं काही होत नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कितवीत आहेस?"

"चौथीतून काढलं."

"का?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिथंच खाटेवर बसून मी रडले. हाताची आग नव्हती ती. माझ्यासंगच्या पोरी कुठल्या कुठं गेल्या होत्या, अन् मी एका माणसाच्या अडाणी बोलण्यापायी घरात बसले होते. बाला घरी येऊन सगळं सांगितलं. "गुरुजी तर शिकलेले होते," एवढंच तो बोलला. त्यानंतर माझ्या शाळेचं नाव निघालं की तो उठून बाहेर जायचा.

गोळ्यांनी झटके कमी झाले. गेले नाय. वस्तीतल्या एका ताईकडं रोज शिकायला जाऊ लागले. वाचून काही आजार वाढला नाय. जागरण झालं की मात्र त्रास व्हायचा, तेवढं सांभाळलं. शेवटी बाहेरून दहावीला बसले.

पहिल्या पेपरला माय म्हणली, "कुणाला सांगू नको." पण मी वर्गावरच्या सरांना आधीच सांगितलं, मला मिरगी आहे, झटका आला तर कुशीवर करा. सरांचा चेहरा बदलला.

"मग तू बाहेर व्हरांड्यात बस," म्हणले. "बाकीच्या पोरी घाबरतील. उगं डोक्याला ताण कशाला? घरी गेलीस तरी चालेल. तुझ्या भल्याचंच सांगतो."

उन्हात खाली मान घालून उभा राहिलेला बा डोळ्यापुढं आला.

"नाय सर. मी आत बसणार."

"अन् पडलीस तर?"

"पडले तर उठीन. उठून लिहीन."

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी बाकावर जाऊन बसले. सरांनी पेपर दिला, माझ्याकडं न बघता.

आजवर मला बाहेर काढणाऱ्या प्रत्येकानं माझ्या भल्याचंच सांगितलं. असलं भलं मला नको. ज्याला माझी भीती वाटते, त्यानं व्हरांड्यात जाऊन बसावं. मी वर्गातून उठणार नाय.