दगडूआबांचं लंडन

दगडूआबा कुठल्याही गोष्टीचं माप गावाच्याच मापाने काढायचे. लंडनची नदी केवढी, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "पांझरापेक्षा मोठी, तापीपेक्षा लहान. पन पानी पुरना पांझरासारखं गढूळ." तिथल्या मोठ्या देवळाचा घुमट केवढा? "आपला गावना बठ्ठा कडबा मझार रची टाका, तरी वर जागा ऱ्हाई." ऐकणाऱ्याला लंडन लगेच कळायचं. भूगोलाच्या पुस्तकात त्या शहराला दोन ओळी होत्या. धुळ्याजवळच्या त्या गावात मी मास्तर म्हणून आलो, तेव्हा त्या दोन ओळी शिकवून मी मोकळा व्हायचो आणि पोरांना सरळ आबांच्या ओट्यावर पाठवायचो.

आबा कुणबी माणूस. डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा. पहिल्या मोठ्या लढाईत फ्रान्सात खंदक खणताना खरा पाय गेला. तिथून त्यांना विलायतेच्या दवाखान्यात नेलं, आणि जखम भरल्यावर सरकारने मोटारगाडीत घालून लंडन दाखवलं. राजाचा वाडा, वाड्यापुढे नाकावर माशी बसली तरी न हलणारे पहारेकरी. जहाज आलं की मधोमध दुभंगून वर उठणारा पूल. दागिने ठेवलेला किल्ला, आणि त्या किल्ल्यातले पंख छाटलेले पाळीव कावळे. ते उडून गेले तर राज्य बुडेल, अशी तिथल्या लोकांची समजूत. यावर आबा दात काढून हसत, "राज्य एवढं मोठं, आन भरोसा कावळास्वर!"

आमच्याकडे काशी करून आलेल्याचं मावंदं घालतात. गावजेवण होतं, गंगेचं पाणी तीर्थ म्हणून देतात, आणि मग त्याच्या तोंडून घाट, देवळं, सगळं ऐकायचं असतं. आबा परतले तेव्हा गावाने त्यांचंही मावंदं घातलं. समुद्र ओलांडला म्हणून नाकं मुरडणारे काही होते, पण पंगतीला तेच आधी बसले. जेवणं झाल्यावर आबांनी लंडन सांगितलं. लढाईवरून पाय गमावून आलेल्या माणसाला गावाने यात्रेकरू करून टाकलं. ही बातमी तालुक्याच्या कचेरीत पोहोचली आणि तिथेच घात झाला.

लढाई अजून संपली नव्हती. सरकारला माणसं हवी होती आणि पोरं नाव द्यायला तयार नव्हती. मामलेदाराने आबांना गावोगाव फिरवलं. लोक जमायच्या आधी त्यांना खुर्चीवर बसवायचं, पाय दिसू नये म्हणून मांडीवर शाल पांघरायची. आबांनी लंडन सांगायचं आणि शेजारी बसलेल्या कारकुनाने नावं लिहून घ्यायची. ते सारं आपल्याला आवडत होतं, हे आबांनी माझ्यापासून कधी लपवलं नाही. "मामलेदार माले आपला बाजूले बसाडे, गुरुजी. मी फुगी गऊ."

तशीच सभा आमच्या गावातही झाली. भागाअक्का नावाच्या विधवेचा एकुलता एक मुलगा नामदेव पुढे येऊन म्हणाला, "काका, माले बी दखाडतीन का लंडन?"

"दखाडतीन," आबा म्हणाले.

नामदेवने नाव दिलं. त्याला धाडलं अरबांच्या मुलखात, बसऱ्याला. तिथे लंडन नव्हतं; चिखल, माश्या आणि हगवण होती. शत्रूची गोळीही त्याच्या वाट्याला आली नाही, तापाने आणि हगवणीनेच तो गेला. आबा भेटायला गेले तेव्हा अक्काने एवढंच विचारलं, "लंडन तरी देखं व्हई का रे त्यानी?" आबांनी खाली मान घालून सांगितलं, "देखं व्हई, अक्का."

त्यानंतर बाजारच्या दिवशी संध्याकाळी अक्का आबांच्या ओट्यावर येऊन बसू लागली. मी गावात आलो तेव्हाही हे चालू होतं आणि पुढे कित्येक वर्षं चाललं. "सांग भाऊ, आज नामदेवले कोठे लई जास?" ती म्हणायची. मग आबा त्याला पुलावर उभा करायचे, किल्ल्यातल्या कावळ्यांना त्याच्या हातून भाकरी घालायचे. अक्का ऐकत राहायची, मधेच हसायचीही. मला आबांचा संताप यायचा. पण ती उठून गेली की आबा मांडीवर हात चोळत बसायचे, आणि माझा राग निवायचा.

दुसरी लढाई लागली. मी वर्तमानपत्र वाचून दाखवू लागलो. लंडनवर रोज बाँब पडत होते. त्याच दिवसांत नव्या मामलेदाराला कुठूनसं जुनं आबापुराण कळलं आणि चावडीपुढे मांडव पडला. जे शहर जळत होतं ते पाहायला चला, असं आमच्या पोरांना सांगायचं होतं. सरकारच्या अकलेला सीमा नसते.

आबांनी खुर्ची नाकारली. काठी टेकून ते उभेच राहिले.

"लंडन चांगलं शे. मी देखेल शे," ते म्हणाले. "पन एक गोट मी कधी सांगी नही. लंडन बठ्ठास्ले दखाडेत नही. ज्यास्ना हातपाय धड व्हतात त्यास्ले बरं करी सन परत खंदकमा धाडं. आम्हले दखाडं, कारन आम्ही लढाईना कामना ऱ्हायनूत नही. ज्याले लंडन देखनं व्हई, त्यानी पहिले पाय देवा."

मामलेदार ताडकन उठला. वाजंत्र्यांना खूण झाली आणि आबांचं पुढचं बोलणं ढोलात बुडालं. त्या दिवशी एकाही पोराने नाव दिलं नाही. पुढे आबांची पेन्शन बंद झाली, पण त्या दिवशी मला कशाचीच पर्वा नव्हती. अभिमानाने माझी छाती भरून आली होती.

संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो तेव्हा भागाअक्का आली. बसली नाही.

"मंग मना नामदेवना बी पाय गया व्हता का?"

"नही अक्का," आबा म्हणाले. "त्यानी लंडन देखंच नही. तो बसराले गया, आन तठेच मरी गया. मी तुले खोटं सांगं."

अक्काने पदर सावरला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "लोकेस्ना पोऱ्या तू वाचाडात. चांगलं करं. पन मना नामदेव इतला वरीस तठे हिंडी ऱ्हायंता. त्याले तू आज मारा."

ती गेली. पुन्हा त्या ओट्यावर आली नाही.

आठवडा-पंधरवडा गेला असेल. आमच्याच गावातली चार पोरं धुळ्याला चालत गेली आणि पलटणीत नावं देऊन आली. त्यांना लंडनचं काही पडलं नव्हतं. घरात दाणा नव्हता आणि पलटणीत दोन वेळची भाकरी होती. ही बातमी आबांना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्यापेक्षा मीच जाऊन सांगितली.

आबांनी चौघांची नावं विचारून घेतली. मग माझ्याकडे पाहत म्हणाले, "मंग गुरुजी, अक्काना पोऱ्या मी फुकटमा मारा."